देणाऱ्याचं नाव लिहायचं नाही

९ जानेवारी

डॉक्टरांनी बजावलंय, चिडायचं नाही. राग आला की वहीत लिहायचा आणि वही मिटायची. रक्तदाब एकशे ऐंशीवर गेला म्हणे. काल डॉक्टर माझ्या जागी सभागृहात बसले असते तर त्यांचा दोनशेवर गेला असता. असो. रात्री जेवणं झाल्यावर लिहायचं ठरवलंय. सध्या जेवणाच्या टेबलावर बसलोय, आणि ही फडकं घेऊन उभी आहे. "अहो, ते कोपर उचला जरा," हे तिसऱ्यांदा झालं.

काल माझं विधेयक पुन्हा पुढे ढकललं. सरळ साधं विधेयक आहे. सरकारी पैशातून काही बांधायचं ठरलं आणि ते बांधलंच गेलं नाही, तर मधल्या मधे कुणी खाल्लं ते शोधायचं आणि त्याच्या घरादारावर टाच आणायची. अध्यक्ष म्हणाले, "वेळेअभावी." त्याच बैठकीत आमच्या भत्त्यांचा ठराव चार मिनिटांत पास झाला.

आमदारकीच्या आधी एकतीस वर्षं मी मास्तरकी केली, शेवटची दहा हेडमास्तर म्हणून. माझी शाळा कालव्यावरच्या पुलाच्या तोंडाशी. गावाचे दोन भाग, मधे कालवा. आम्ही त्यांना पलीकडचे म्हणतो, ते आम्हाला पलीकडचे म्हणतात. दोन्हीकडची पोरं एका बाकावर बसायची अशी ही एकच जागा होती. नऊ वर्षांपूर्वी दंगलीत जळली. दगडी भिंती तेवढ्या उभ्या आहेत. छप्पर, दारं, खिडक्या, बाकं, सगळ्याची राख. दुरुस्तीला तीनदा पैसे मंजूर झाले आणि तीनदा गडप झाले. या देशात एकोपा भाषणात असतो आणि पैसा खिशात. मला आता कशाचीच आशा वाटत नाही. वही मिटतो.

१५ जानेवारी

सुचलं! आंघोळ करताना सुचलं आणि संध्याकाळी पुलावर सभाही घेतली.

पैसाच घ्यायचा नाही. शाळेला काय हवंय? लाकूड. मग प्रत्येक घरानं एक लाकडी वस्तू द्यायची. दार द्या, खिडकी द्या, तुळई द्या, आजोबांची पेटी द्या. मी म्हणालो, "पैसा खाता येतो. लाकूड कोण खाणार?" मागून कुणीतरी ओरडलं, "वाळवी!" सगळे हसले. नऊ वर्षांत त्या पुलावर दोन्हीकडची माणसं एकत्र हसलेली मी पाहिली नव्हती.

एक नियम मात्र माझा. देणाऱ्याचं नाव लिहायचं नाही. नाव लिहिलं की बाजू आली, बाजू आली की तुम्ही किती आणि आम्ही किती हे आलं, आणि ते आलं की पाठोपाठ दगड आला. सगळं लाकूड एकात एक मिसळायचं. कुणाच्या दाराचं कुणाचं बाक झालं, हे कुणालाही कळता कामा नये.

सुतारकाका पलीकडचे. गावातली निम्मी दारं त्यांच्या हातची. सभा संपल्यावर हळूच म्हणाले, "मास्तर, मागच्या अंगाला बारीकशी खूण करत जाऊ का? कुणाला दिसणार नाही. उद्या काही कमीजास्त झालं तर." मी असा उखडलो! म्हटलं, "काका, तुमचा माणसांवर विश्वास नाही का?" बिचारे पेन्सिल कानामागे खोचून निघून गेले. रक्तदाबाची गोळी घेतली.

मेहुणा म्हणाला, "दाजी, तुम्ही कायद्याचं बघा. लाकडाचं मी बघतो." त्याचे ट्रक आहेत, आणि भाडं नको म्हणाला. स्वतःच्या नव्या बंगल्याचं काम चालू असताना माणूस हे करतोय. ही काहीच बोलली नाही. भावाचं कौतुक तोंडावर करायचं नाही, ही तिची जुनी सवय.

२२ जानेवारी

आजचा दिवस विसरणार नाही. सुतारकाकांनी स्वतःच्या घराचं पुढचं दार दिलं.

मी म्हटलं, अहो, मोडकी खुर्ची दिलीत तरी चालेल. ते म्हणाले, "लोकांची चांगली दारं मागायची आणि आपण खुर्ची द्यायची?" बिजागरीचे खिळे त्यांनी स्वतःच काढले. जुनं सागवान, एकसंध फळ्यांचं, दोघांना उचलेना. वहिनी, म्हणजे काकांची बायको, दाराच्या आतल्या कडेवरून खालून वर हात फिरवत राहिल्या. मला वाटलं धूळ पुसतायत. म्हटलं, "राहू द्या वहिनी, रंधा मारायचाच आहे." त्यांनी हात काढून घेतला आणि आत गेल्या. चौकटीला आता पोतं टांगलंय.

त्यांची एकुलती एक मुलगी माझ्या शाळेत होती. हुशार, आणि बोलण्यात कुणाला हार जाणारी नव्हे. दर वाढदिवसाला काका शाळेत पेढे, बिस्किटं असलं काही न आणता फक्त बातमी घेऊन यायचे, "मास्तर, यंदा चार बोटं वाढली." दंगलीच्या आठवड्यात ती तापानं गेली, अकरा वर्षांची. दवाखाना अलीकडे आणि पूल बंद. त्या घरातून आज दार आलं. परत येताना मी पुलावर उभा राहून रडलो, आणि हे इथं लिहायला लाज वाटत नाही.

२ फेब्रुवारी

दोनशे बारा नग! बंद पडलेल्या सूतगिरणीचं गोदाम अर्धं भरलं. नुसत्या खिडक्याच एकोणसाठ. दोन चाव्या केल्या. एक काकांकडे, ते तिथंच राखण करणार आणि बाकं करणार. दुसरी मेहुण्याकडे. रेडिओवाले, पेपरवाले येऊन गेले. मी म्हणालो, या गोदामात लाकूड नाही, देश ठेवलाय. वाक्य जरा मोठंच झालं, पण छापून आलं.

११ फेब्रुवारी

मेहुण्यानं टेबल पाठवलं! म्हणाला, "दाजी, देशाचा कायदा तेलकट टेबलावर लिहू नका." साडेतीन फुटांचं, जुनं सागवान, वर पॉलिश असं की चेहरा दिसावा. मी म्हटलं, अरे, हे फुकट मी घेणार नाही. तर म्हणतो, "बहिणीच्या घरी टेबल दिलं तर भ्रष्टाचार होतो का?" मग काय बोलणार! आग्रहच तसा.

खिडकीशी ठेवलंय. पुढच्या कडेला, खालच्या अंगाला काहीतरी खाचा आहेत, जुन्या लाकडाला असतातच. विचार करताना बोटं आपोआप तिथं जातात. आठ आहेत.

हिला टेबल आवडलेलं दिसत नाही. म्हणाली, "आधीचं काय वाईट होतं?" बायकांना नवीन वस्तू नको असते, असं मी पहिल्यांदाच पाहतोय.

२६ फेब्रुवारी

नव्या टेबलावर कलम सहा आणि सात सुधारून लिहून झाली. शब्द अडला की खाचा मोजतो, की सुचतं.

काल मेहुण्याच्या बंगल्यावर गेलो होतो. खिडक्या फार सुरेख बसवल्यात. एकीची काच निळी, दुसरीची नक्षी जुन्या वळणाची, एकीसारखी दुसरी नाही. हल्ली अशा विजोड खिडक्यांची फॅशन आहे म्हणे. मी म्हटलं, पैसा असला की मोडकं पण शोभतं. तो खूप हसला.

३ मार्च

सुतारकाका घरी आले. असे कधी येत नाहीत. दारातच म्हणाले, "मास्तर, जरा बोलायचं होतं. गोदामाचं आहे."

मी खोलीत बसवलं. तेवढ्यात हिनं कपाटातली जाड चादर आणून टेबलावर घातली, चहा सांडतो म्हणून. काका टेबलाशी बसले. मी म्हटलं, बोला. ते बोलायला लागणार, एवढ्यात त्यांचा हात टेबलाच्या कडेखाली गेला, माझा जातो तसाच. आणि तिथंच राहिला. मी दोनदा विचारलं, "काय झालं गोदामात?" ते चादरीकडे बघत होते. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. म्हणाले, "काही नाही."

"अहो, एवढे चालत आलात!"

"काही नाही. येतो साहेब."

चहा अर्धा टाकून गेले. म्हातारपण, दुसरं काय. पण एक गंमत लक्षात आली. इतकी वर्षं मला मास्तर म्हणायचे, आज साहेब म्हणाले. आमदारकी पलीकडे पोचायला चार वर्षं लागली म्हणायची.

१० मार्च

आज बाकांची पाहणी म्हणून अचानक गोदामात गेलो आणि बाकांना लागलेले नग धरून स्वतः मोजलं. एकशे एकोणचाळीस. पुन्हा मोजलं. एकशे एकोणचाळीसच.

मेहुणा म्हणाला, "वाळवी लागली होती, दाजी, काही काढून टाकावी लागली." मी म्हटलं, त्र्याहत्तर नगांना? आणि चांगल्यांनाच कशी लागली? तो मान खाली घालून उभा राहिला. मग म्हणाला, "माझ्या तोंडून वदवू नका. रात्रंदिवस तिथं असतो कोण? हत्यारं कुणाकडे आहेत? मी नाव घेणार नाही. तुमचाच नियम आहे."

मी आयुष्यात एवढा खचलो नव्हतो. ज्यानं स्वतःचं दार दिलं, तोच! कुंपणच शेत खातं, हे वर्गात शंभरदा शिकवलं. शिकलो मात्र आज.

१३ मार्च

गोदामात गेलो. सोबत फौजदार होते. मी म्हटलं, "काका, त्र्याहत्तर नग कुठं गेले?"

काकांनी रंधा खाली ठेवला. खिशातून चावी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाले, "साहेब, ते मला विचारताय? तुम्हाला माहीत असणार."

काय हा उद्धटपणा! मी म्हटलं, तुमच्या बाजूनं काही सांगायचं असेल तर आत्ता सांगा. ते म्हणाले, "कुणाला सांगू?" एवढंच. गयावया नाही, शपथ नाही, डोळ्यात पाणी नाही. निर्दोष माणूस असा गप्प बसत नाही. फौजदारांनी नेलं. जाताना वळून बाकांकडे बघत होते, चौदा झाली होती.

कुणी म्हणेल, जुन्या माणसाला सोडायचं होतं. मग विधेयक कुणासाठी लिहितोय मी? आपल्या माणसापासूनच सुरुवात करायची असते. पण जेवण गेलं नाही.

१७ मार्च

सभागृहात बोललो. म्हटलं, सन्माननीय सदस्यहो, माझ्याच गोदामाचा राखणदार, माझ्या विश्वासातला माणूस मी स्वतः पोलिसांच्या हवाली केला आहे. आता तुमचं काय? चार वर्षांत पहिल्यांदा बाकं वाजली, विरोधकांची सुद्धा. विधेयक समितीकडे गेलं. अध्यक्षांनी पाठीवर हात ठेवला.

घरी येऊन हिला सांगितलं. ती भांडी घासत होती. नळ बंद न करता म्हणाली, "छान झालं." खांदे हलत होते. मला वाटलं आनंदानं.

२० मार्च

सगळं संपलं.

सुतार चोर निघाला म्हटल्यावर अलीकडचे म्हणाले, पलीकडच्यांनी आमचं लाकूड ढापलं. पलीकडचे म्हणाले, आमच्या माणसाला अडकवून अलीकडच्यांनी ढापलं. सकाळी दोन्हीकडचे गोदामात घुसले, आपापलं परत न्यायला. आणि आपापलं कोणतं? नाव नाही, खूण नाही. ज्याला जे बरं दिसलं ते त्यानं ओढलं. एका खिडकीला एकीकडून अलीकडचा शिंपी आणि दुसरीकडून पलीकडचा न्हावी. दोघंही खरं बोलत असतील, दोघंही खोटं. मी मधे उभा राहून ओरडत होतो, "शांत व्हा! आठवा, कोणी काय दिलं!" शिंपी मला म्हणाला, "कुणाचं काय आहे ते डोळे मिटून सांगणारा गावात एकच माणूस आहे, मास्तर. तो तुम्ही आत घातलाय."

दुपारी दगड. नऊ जण दवाखान्यात. काकांनी केलेली चौदा बाकं मोडून त्याच फळ्यांनी मारामारी झाली. संध्याकाळी पूल बंद केला.

नाव लिहिलं तर दगड येईल, म्हणून लिहिलं नव्हतं.

२२ मार्च

पेन पडलं म्हणून टेबलाखाली वाकलो. पेन आत गेलं होतं, तेव्हा टॉर्च घेतला.

त्या खाचा सुताराच्या पटाशीच्या आहेत. सरळ, एकसारख्या, सरावलेल्या हातानं घातलेल्या. प्रत्येकीशेजारी बारीक आकडा कोरलाय. पहिली टेबलाच्या अगदी टोकाला. तिथं चार. मग पाच, सहा, सात. दोन खाचांमधे बोटं ठेवून पाहिली. कुठं तीन बोटं, कुठं चार. शेवटचा आकडा अकरा. त्याच्यापुढे लाकूड कोरं आहे.

मी तिथंच बसून राहिलो. ही आली, मला जमिनीवर बघून घाबरली, मग टॉर्च बघितला आणि दाराशीच थांबली.

मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"कुणाचं दार ते नव्हतं माहीत," ती म्हणाली. "कुठून आलं ते कळलं होतं. ट्रकमधून उतरवताना बिजागरीची भोकं दिसली."

"बोलली का नाहीस?"

"भाऊ आहे माझा." मग म्हणाली, "आणि तुम्ही एवढे खूश होतात. चार वर्षांत पहिल्यांदा."

चादर तिनं चहासाठी घातली नव्हती. आणि काका त्या दिवशी चोर सांगायला आले होते. हात कडेखाली गेला, आणि त्यांना वाटलं, चोर सापडला. समोर बसून चहा पाजतोय.

२३ मार्च

मेहुण्याला बोलावलं. मी ओरडलो, हाताला लागेल ते फेकलं. तो शांत. म्हणाला, "दाजी, ज्या टेबलावर बसून चोरांची घरं जप्त करायचा कायदा लिहिलात, ते कुठून आलं, एकदा तरी विचारलंत? विचारलं नाहीत, म्हणजे हवं होतं. बंगल्यात येऊन खिडक्यांचं कौतुक कुणी केलं?" जाता जाता दारात म्हणाला, "सांगा खुशाल सगळ्यांना. विधेयक तुमच्याबरोबरच पुरतील."

खरं सांगायचं तर, या वहीत खोटं कशाला, दोन तास मी विचार करत होतो की विधेयक पास होईपर्यंत थांबलं तर? काका दहा दिवस आत आहेतच, अजून पंधरा. असा विचार मी केला. तो केलेला माणूस मीच.

मग ठाण्यात जाऊन तक्रार मागे घेतली आणि मेहुण्याविरुद्ध नवी दिली. फौजदारांनी जुनीपुढे "गैरसमज" असा शेरा मारला, नवी बाजूला ठेवली आणि विचारलं, "साहेब, घरचं आहे, नीट विचार केलाय ना?" काकांना सोडलं. ते माझ्यासमोरून गेले. मी हात जोडले होते. त्यांना दिसले की नाही माहीत नाही.

२७ मार्च

सभागृहात उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. सुतारकाका निर्दोष आहेत, चोर माझा मेहुणा आहे, चोरीचा माल माझ्या खोलीत आहे, मी त्यावर बसून कायदा लिहिला. कुणी बाकं वाजवली नाहीत. मागून कुणीतरी म्हणालं, "टेबलाचा रंग कोणता?" आणि हशा पिकला.

अध्यक्षांनी घंटा वाजवली. जी व्यक्ती सभागृहात हजर नाही, जिला आपली बाजू मांडता येत नाही, तिचा उल्लेख करता येत नाही, म्हणून आजचं माझं सगळं निवेदन कामकाजातून काढून टाकलं. मी म्हटलं, मग सतरा तारखेचं? त्या दिवशी सुतार हजर होता का? अध्यक्ष म्हणाले, त्यात कुणाचं नाव नव्हतं, तेव्हा ते नियमात बसतं. ते राहील.

म्हणजे छापील इतिहासात राखणदार चोर आहे, आणि मी त्याला पकडणारा. विधेयक समितीनं परत पाठवलं. पुढे काय ते कुणाला विचारावंसं वाटलं नाही. गोळी घ्यायची राहिली.

२९ मार्च

पूल आज दोन तास उघडला. टेबलाचे स्क्रू काढले, वरची फळी हातगाडीवर घातली आणि स्वतः ढकलत नेली. दोन्हीकडचे बघत होते. कुणी हसलं नाही, कुणी हातही लावला नाही.

काकांच्या चौकटीला अजून पोतंच आहे. मी हाक मारली. काकांनी पोतं बाजूला केलं.

"दार आणलंय," मी म्हणालो.

त्यांनी गाडीवर बघितलं. "अर्धंच आहे, साहेब."

मला कळेना. ते पुढे आले, फळीच्या टोकावरून अंगठा फिरवला. "इथं करवत लागलीय. वरचा अर्धा टेबलाला घेतला. खालच्या अर्ध्यातून पाय काढले असणार. आता हे चौकटीत बसायचं नाही."

मी म्हणालो, "काका, त्या दिवशी का नाही बोललात? तिथल्या तिथं माझ्या तोंडावर का नाही मारलंत?"

"तक्रार घेऊनच आलो होतो," ते म्हणाले. "बघितलं तर माल तुमच्याकडेच. मग तक्रार कुठं नेऊ?" रागानं नाही बोलले. रागानं बोलले असते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात वहिनी आल्या. माझ्याकडे बघितलंच नाही. फळी उभी करायला लावली, आणि त्या दोघांनी ती आत भिंतीला टेकवली. वहिनींनी पहिल्या खाचेवर हात ठेवला, तो त्यांच्या घोट्यापाशी आला. म्हणाल्या, "एवढीशी नव्हती ती चौथ्या वर्षी." काकांनी परसातून विटा आणल्या. एकेक थर रचत, फळी वर वर घेत गेले. त्या हात धरून सांगत होत्या, अजून, अजून थोडी. चौथ्या वर्षाची खाच कमरेच्या वर आली तेव्हा म्हणाल्या, "हां. एवढी." मग अकराव्यापर्यंत हात नेला, आणि तिथं थांबल्या.

मी निघालो. वहिनी मागून आल्या, आणि पहिल्यांदाच माझ्याशी बोलल्या. "मास्तर, पाय तुमच्याकडे आहेत ना? पहिली तीन वर्षं त्यात असतील. जरा बघाल?"

मी म्हणालो, बघतो. नक्की बघतो.

घरी आल्यापासून चारही पाय मांडीवर घेऊन खिडकीशी बसलोय. आधी बोटांनी पाहिले, मग चष्मा लावून, मग हिनं तिचं भिंग आणून दिलं. चारही बाजू, वरपासून खालपर्यंत, दोनदा. हिनंही पाहिले. मेहुण्याचा कारागीर कामाला चोख आहे. एक ओरखडासुद्धा नाही, चारही पाय गुळगुळीत.

राहू द्या वहिनी, रंधा मारायचाच आहे, असं मीच म्हणालो होतो. मारलाय.